सोनार असूनही पाणबुडी सापडली का नाही? यू-४८ ची सप्टेंबर १९४० मधली गस्त

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश युद्धनौकांवर सोनार होतं, काफिल्याभोवती, म्हणजे एकत्र जाणाऱ्या जहाजांच्या तांड्याभोवती, पहारा होता. तरीही जर्मन पाणबुड्या एकेका रात्रीत चार-पाच जहाजं कशा बुडवत होत्या? पाण्याखालून त्या इतक्या गुपचूप कशा जात? एखाद्या खऱ्या गस्तीवरून समजावून सांगाल का?

सांगतो. मात्र त्यासाठी प्रश्नातला ‘पाण्याखालून’ हा शब्द आधी बाजूला ठेवावा लागेल, कारण सगळी गोम तिथेच आहे. १९४० च्या त्या महिन्यांत काफिल्यांचा सर्वांत मोठा संहार ज्या पाणबुड्यांनी केला, त्या हल्ल्याच्या वेळी पाण्यावर होत्या. झाकण उघडं, ब्रिजवर चार-पाच माणसं उभी, डिझेल इंजिनं चालू. सोनार आवाज सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्याखालचं शोधतं. लाटांवरून चाललेली बुटकी नौका त्याला जवळजवळ नसल्यासारखीच.

मी भारतीय नौदलात डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुड्यांवर अठरा वर्षं काढली, त्यातली बरीचशी सोनार कक्षात, कानाला हेडफोन लावून. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला सोनारच्या आधी बॅटरीच्या हिशेबातून सुचतं. असल्या पाणबुडीवरचा माणूस चोवीस तास एकच आकडा मनात घोळवत असतो: बॅटरीत किती उरलंय? पाण्याखाली डिझेल इंजिनाला हवा नाही, म्हणून सगळं बॅटरीवर. जोरात पळालात तर ती बघता बघता रिकामी होते. जपून, रांगत गेलात तर दिवस निघतो. आमच्याकडे निदान स्नॉर्केल होतं. म्हणजे पेरिस्कोपच्या खोलीवर राहून एक नळी वर काढायची, तिच्यातून हवा ओढून डिझेल चालवायचं आणि बॅटरी भरून घ्यायची. १९४० साली जर्मनांकडे तेही नव्हतं. बॅटरी भरायची तर पूर्ण वर यायचं.

आता यू-४८ घ्या. कीलच्या गोदीत बांधलेली, एप्रिल १९३९ मध्ये नौदलात दाखल झालेली, ‘सात-ब’ वर्गातली पाणबुडी. लांबी साडेसहासष्ट मीटर. वजन पाण्यावर ७५३ टन. माणसं चव्वेचाळीसच्या आसपास. पाणतीर (टॉर्पेडो) सोडायच्या नळ्या पाच, चार नाळेकडे आणि एक पिछाडीला. एकूण १४ पाणतीर. पाण्यावर वेग जवळपास १८ नॉट, म्हणजे तासाला १८ सागरी मैल. पाण्याखाली जास्तीत जास्त ८ नॉट, तोही थोडाच वेळ. बॅटरी जपत ४ नॉटने गेलं तर सुमारे ९० सागरी मैल, की संपलं. त्या वेळचे मंद काफिले ७ नॉटच्या आसपास आणि जलद काफिले ९-१० नॉटने चालायचे. म्हणजे पाण्याखाली गेलेली पाणबुडी सर्वांत सुस्त काफिल्यालाही गाठू शकत नव्हती. पाण्यावर मात्र तीच पाणबुडी काफिल्याच्या दुप्पट वेगाने पळायची. माझ्या लेखी ती खरी पाणबुडी नव्हतीच. पाणतीर सोडणारी ती एक लहान, चपळ नौका होती. जीव वाचवायची वेळ आली की बुडी मारू शकणारी, इतकंच.

हे जर्मन पाणबुडी दलाच्या प्रमुखाला, कार्ल ड्योनिट्झला, पक्कं ठाऊक होतं. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१८ मध्ये, तो स्वतः यू-बी-६८ घेऊन भूमध्य समुद्रात काफिल्यावर चालून गेला होता. रात्री पाण्यावरून हल्ला साधला, पण नंतर पाण्याखाली असताना पाणबुडीचा तोल सुटला, ती काफिल्याच्या मधोमध वर आली आणि तो कैद झाला. त्यातून तो दोन गोष्टी शिकला: रात्री पाण्यावरून जायचं आणि एकट्याने जायचं नाही. दुसऱ्या युद्धाआधीच्या सरावांत त्याने हेच घोटून घेतलं. इकडे ब्रिटिश नौदल मात्र सोनारवर, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘ॲस्डिक’वर, इतकं विसंबून होतं की पहिल्या महायुद्धातल्या १९१७ सारखं संकट पाणबुड्या पुन्हा आणूच शकणार नाहीत अशी त्यांची खात्री झाली होती. पाण्याखालच्या शत्रूची त्यांनी कसून तयारी केली. शत्रू पाण्यावरून आला.

८ सप्टेंबर १९४० ला यू-४८ फ्रान्सच्या लोरियां बंदरातून निघाली. हे बंदर महत्त्वाचं. जूनमध्ये फ्रान्स पडलं आणि जुलैपासून जर्मन पाणबुड्या थेट बिस्केच्या उपसागरातून अटलांटिकमध्ये उतरू लागल्या. त्याआधी कीलहून निघून स्कॉटलंडला वळसा घालून यायला नि परत जायला जे दिवस आणि जे तेल खर्च व्हायचं, ते सगळं आता शिकारीसाठी मोकळं झालं. कप्तान नवा होता, हाइनरिश ब्लाइखरोट. कप्तान म्हणून त्याची ही पहिलीच गस्त. पण बाकीची माणसं मुरलेली. पहिला पहारा अधिकारी राइनहार्ड झूरन आधीच्या दोन कप्तानांच्या हाताखालीही याच पाणबुडीवर होता. ही गोष्ट पुढे लागेल, कारण रात्री पाण्यावरून हल्ला करताना नेम कप्तान धरत नसे. ब्रिजवर एका खांबावर मोठी दुर्बीण बसवलेली असायची. पहिला पहारा अधिकारी तिच्यातून लक्ष्य पकडायचा, दिशा आपोआप खाली गणकयंत्राकडे जायची आणि कप्तान आजूबाजूला नजर ठेवून नौका हाकायचा.

आत काय परिस्थिती असेल ते मी डोळ्यांसमोर आणू शकतो. नळ्यांमागच्या खोलीत राखीव पाणतीर, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर माणसं झोपलेली. एक उठला की त्याच्याच उबदार बिछान्यात दुसरा शिरणार. संडास दोन, त्यातला एक निघताना बहुधा बटाटे-डब्यांनी भरलेला. गोडं पाणी पिण्यापुरतं. आणि सगळ्यावर डिझेलचा वास. हा वास कपड्यांतून जातो, कातडीतून लवकर जात नाही. मी सुट्टीवर घरी आलो की आई आधी कपड्यांची पिशवी मागच्या अंगणात ठेवायला लावायची आणि मगच जवळ घ्यायची. त्या काळच्या जर्मन खलाशांकडे आमच्याइतकंही पाणी नव्हतं.

१५ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर यू-४८ ने एससी-३ या मंद काफिल्याला गाठलं. एससी म्हणजे केप ब्रेटनमधल्या सिडनीहून निघणारे काफिले. त्यांत जुनी, रडतखडत चालणारी जहाजं, पोटात लाकूड नाही तर लोखंडाचं खनिज. पहिला तडाखा पहाऱ्यावरच्या ‘डंडी’ या ब्रिटिश युद्धनौकेलाच बसला. मग ‘अलेक्झांड्रोस’, ‘एम्पायर व्हॉलंटियर’ आणि कॅनडाचं ‘केनॉरडॉक’. एका दिवसात चार. पाणबुडी शोधून मारायची तीच नौका सर्वांत आधी टिपली गेली, यावरूनच समजावं की त्या रात्री सोनारचा उपयोग किती झाला.

१७ तारखेला तिला दुसरा काफिला दिसला, ओबी-२१३. हा लिव्हरपूलहून १३ सप्टेंबरला निघालेला, बाहेर जाणारा काफिला. एकोणीस जहाजं, नऊ रांगांत. मधल्या रांगेच्या आघाडीला काफिल्याच्या प्रमुखाचं जहाज: ‘सिटी ऑफ बनारस’, ११,०८१ टनांचं, एलरमन कंपनीच्या सिटी लाइनचं, १९३६ मध्ये ग्लासगोला बांधलेलं. एरवी ते मुंबई-कराचीच्या फेऱ्या करायचं. या खेपेला ते कॅनडाला निघालं होतं आणि त्यावर सरकारी योजनेतून बॉम्बहल्ल्यांपासून दूर पाठवलेली ९० मुलं होती.

१७ च्या पहाटे एक वाजता पहाऱ्यावरची ‘विंचेल्सी’ ही विनाशिका आणि दोन कॉर्व्हेट (लहान पहारा-नौका) काफिला सोडून निघून गेल्या. हे त्यांनी घाबरून केलं नाही; नियमच तसा होता. बाहेर जाणाऱ्या काफिल्याला तेव्हा साधारण १७ अंश पश्चिम रेखांशापर्यंत सोबत मिळायची आणि तिथून त्याच युद्धनौका आत येणाऱ्या काफिल्याला घ्यायला वळायच्या. नौका इतक्या कमी का? कारण जर्मन सैन्य इंग्लिश खाडी ओलांडून उतरेल या भीतीने कितीतरी विनाशिका इंग्लंडच्या किनाऱ्याला रोखून धरलेल्या. योगायोग असा की हिटलरने ती स्वारी अनिश्चित काळासाठी पुढे ढकलली ती याच दिवशी, १७ सप्टेंबरला. पण ते लंडनला कळायला अवकाश होता. तोवर समुद्राच्या मधोमध एकोणीस जहाजं आणि सोबतीला कुणीही नाही.

दिवसभर यू-४८ त्यांच्या मागावर होती. दिवसाउजेडी इतका वेळ माग काढताना ती दिसली कशी नाही? याचं गणित साधं आहे आणि ते स्वतः करून बघण्यासारखं आहे. डोळ्याची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण दोनने गुणा. तेवढे सागरी मैल तुमचं क्षितिज. पाणबुडीच्या ब्रिजवर डोळा पाण्यापासून पाच मीटरवर, म्हणजे क्षितिज साडेचार मैलांवर. मोठ्या जहाजाची डोलकाठी तीस मीटर उंच, तिच्या टोकाचं क्षितिज अकरा मैलांवर. दोन्हींची बेरीज केली की पंधरा-सोळा मैलांवरून पाणबुडीला डोलकाठीची टोकं दिसू शकतात, आणि धूर तर त्याहून लांबून. उलट बाजूने, जहाजावरच्या पहारेकऱ्याला शोधायचा आहे तो पाण्यावर जेमतेम चार-पाच मीटर उंच असलेला राखाडी ठिपका, तोही उधाणलेल्या समुद्रात. म्हणून पाणबुडी क्षितिजाच्या कडेला राहायची. डोलकाठ्या मोठ्या दिसायला लागल्या की थोडं लांब सरकायचं, बुडायला लागल्या की जवळ यायचं. ब्रिजवर चौघे, प्रत्येकाला समुद्राचा एक चतुर्थांश, चार तास दुर्बीण डोळ्याला. पाठीमागे लक्ष द्यायची परवानगी नाही, मागे दुसरा आहे.

या वेळात कप्तान काफिल्याचा वेग आणि दिशा मोजत असतो आणि अंधार पडायच्या आत पुढे जाऊन उभं राहायचा बेत आखत असतो. काफिला ८ नॉटने, पाणबुडी १६ ने. बारा मैल मागून निघून, वळसा घालून, बारा मैल पुढे जायचं तर चार-पाच तास लागतात. दिवस त्यातच जातो. पाण्याखाली गेलं की हे सगळं संपलं. म्हणूनच पुढच्या वर्षांत विमानांनी पाणबुड्यांचं कंबरडं मोडलं: विमानाने दर वेळी पाणबुडी बुडवली नाही तरी चालायचं, तिला दिवसभर पाण्याखाली दाबून ठेवलं की काफिला निसटायचा.

त्या संध्याकाळी हवा बिघडली. वारा, पाऊस, गारा, मोठ्या लाटा. मध्यरात्रीच्या सुमारास (जर्मन घड्याळाने पावणेबाराला) यू-४८ ने ‘सिटी ऑफ बनारस’वर दोन पाणतीर सोडले. दोन्ही चुकले.

कसे चुकतात ते सांगतो, कारण पाणतीर म्हणजे बंदुकीची गोळी नव्हे. विजेवर चालणारा जर्मन पाणतीर ३० नॉटने जायचा, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. लक्ष्य सहाशे मीटरवर असेल तर पोहोचायला चाळीस सेकंद. आठ नॉटने चाललेलं जहाज तेवढ्यात १६० मीटर पुढे सरकतं, म्हणजे ‘सिटी ऑफ बनारस’च्या स्वतःच्या लांबीहून जास्त. नेम धरायचा तो जहाजावर नाही, चाळीस सेकंदांनंतर जहाज जिथे असेल तिथल्या रिकाम्या पाण्यावर. अंतर दुप्पट असेल तर चूकही दुप्पट होते. त्यात अंधारात, गारांच्या माऱ्यात, दुर्बिणीच्या काचेवर खारं पाणी असताना वेगाचा अंदाज दोन नॉटने चुकणं अगदी सहज घडतं.

आणखी एक गोष्ट इथे आठवते, जी पाणबुडीवर राहिलेल्यालाच चटकन पटेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नॉर्वेच्या मोहिमेत जर्मन पाणतीर सर्रास फसले होते. पाणतीराचा स्फोट घडवणारे चुंबकीय फ्यूज बिघडायचे आणि पाणतीर ठरवलेल्या खोलीपेक्षा खालून, जहाजाच्या पोटाखालून निघून जायचे. खोली का चुकते ते त्यांना १९४२ च्या सुरुवातीला उमगलं. पाणबुडी बराच वेळ पाण्याखाली राहिली की उच्च दाबाच्या नळ्यांतून थोडी थोडी हवा आत झिरपते आणि आतला दाब वाढत जातो. तो पाणतीराच्या खोली सांभाळणाऱ्या कप्प्यात शिरायचा आणि यंत्राला वाटायचं की आपण उथळ आहोत. हा दाब मी अंगावर झेलला आहे. वर आल्यावर झाकण उघडणाऱ्याचे पाय खालच्या माणसाने घट्ट धरून ठेवायचे, नाहीतर हवा त्याला बाहेर भिरकावते. कानांत एकदम दडे बसतात. आता विचार करा: पाण्यावरून, झाकण उघडं ठेवून हल्ला करणाऱ्या नौकेत हा दाबच नाही. माझं मत असं की रात्रीच्या पृष्ठहल्ल्यांनी जर्मनांना आणखीही एक फायदा दिला. आपल्याच पाणतीरांचा एक दोष त्यांनी नकळत टाळला.

तिसरा पाणतीर सुटला. रात्री बारा वाजून एक मिनिटाने तो ‘सिटी ऑफ बनारस’च्या पिछाडीला लागला, मुलांच्या झोपायच्या खोल्यांपासून फार दूर नाही. काही मिनिटांत ‘मरीना’ हे दुसरं जहाज बुडालं. काफिल्यातली इतर जहाजं ठरल्याप्रमाणे पांगून निघून गेली. थांबणारा पुढचं सावज ठरतो, म्हणून थांबायला मनाई होती. ‘सिटी ऑफ बनारस’ अर्ध्या तासात गेलं. त्या लाटांत होड्या खाली सोडताना कित्येक एका बाजूला कलंडल्या, भरून गेल्या. जहाजावर चारशेच्या वर माणसं होती, अडीचशेहून जास्त मेली. ९० मुलांपैकी ७७.

ब्लाइखरोटला मुलं असल्याचं ठाऊक नव्हतं. जहाजावर तशी काही खूण नव्हती, दिवे बंद होते, ते काफिल्याच्या आघाडीला चाललेलं मोठं लक्ष्य होतं. युद्धाच्या हिशेबात त्या रात्री त्याने जे केलं ते दोन्ही बाजूंचा कुठलाही पाणबुडी कप्तान करत होता. मी हे त्याची वकिली म्हणून लिहीत नाही. ब्रिजवरून दिसते ती एक काळी आकृती आणि तिच्या टनांचा अंदाज. ती आकृती ज्या माणसांनी भरली आहे ती तिथून दिसत नाहीत.

त्या माणसांत बहुसंख्य खलाशी भारतीय होते, आणि या उत्तरात त्यांच्यावर थोडं थांबायलाच हवं. इंग्रज त्यांना लॅस्कर म्हणायचे. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी, खाली बॉयलरपाशी कोळसा ओढणारे आगवाले, स्वयंपाकाला भंडारी. रत्नागिरीच्या बंदरपट्टीतले मुसलमान डेकवर, गोव्याचे खानसामे जेवणघरात, सिल्हेटचे लोक इंजिनखोलीत, अशी ही सगळी जगभर पांगलेली माणसं. माझं आजोळ दाभोळच्या खाडीकाठी. तिथे अजूनही कुणाच्या मुलाची चौकशी केली तर ‘बोटीवर असतो’ एवढंच उत्तर येतं आणि पुढचं सगळं त्यात समजून घ्यायचं असतं. गोऱ्या खलाशाच्या पगाराचा काही हिस्साच त्यांना मिळायचा. युद्ध सुरू होताच, १९३९ च्या शरदात, त्यांनी निरनिराळ्या बंदरांत संप केले, कित्येक तुरुंगात गेले, तेव्हा कुठे पगार वाढला.

उष्ण समुद्रातल्या फेऱ्यांसाठी दिलेले पातळ सुती कपडे अंगावर असताना ते त्या रात्री उत्तर अटलांटिकच्या पाण्यात आणि भरलेल्या होड्यांत पडले. थंडीने माणूस कसा जातो हे ज्यांना माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हात आधी जातात, मग बोलणं, मग धरलेला दोर सुटतो. नंतर काही इंग्रजी वर्णनांत लॅस्कर ‘गप्प बसून राहिले’ असा ठपका आला. मला त्याचा राग येतो. ओल्या मलमलीत, त्या वाऱ्यात, गप्प बसलेला माणूस हार मानलेला नसतो. त्याचं शरीर बंद पडत चाललेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ‘हरिकेन’ ही विनाशिका पोहोचली आणि तिने शंभरावर माणसं उचलली. पण शोध घेताना ‘मरीना’ची एक होडी सापडली आणि तीच ‘सिटी ऑफ बनारस’ची म्हणून मोजली गेली. होड्यांचा आकडा जुळला आणि ‘हरिकेन’ परत फिरली. खरी बारा नंबरची होडी अजून समुद्रात होती. तिच्यात तीसेक भारतीय खलाशी, सहा मुलगे, मेरी कॉर्निश नावाची पियानो शिकवणारी बाई, एक पाद्री, जहाजाचा चौथा अधिकारी आणि आणखी काहीजण. या होडीला वल्ही नव्हती. पुढे-मागे ढकलायचे दांडे होते, त्यांनी खालचा पंखा फिरायचा. बिस्किटं आणि डबे होते, पाणी मात्र आठवड्यापुरतंच. कॉर्निशबाई मुलांना रोज गोष्ट रचून सांगायच्या, शेवटी काहीतरी अर्धवट ठेवायच्या, म्हणजे उद्याची वाट बघायला कारण राहील. आठव्या दिवशी एका सुंदरलँड विमानाने त्यांना पाहिलं आणि ‘अँथनी’ या विनाशिकेने उचललं. मुलांना परदेशी पाठवायची सरकारी योजना या बुडण्यानंतर बंद झाली.

यू-४८ ची गस्त मात्र चालूच होती. १८ तारखेला ‘मॅग्डालेना’. मग २० सप्टेंबरला हॅलिफॅक्सहून येणारा एचएक्स-७२ हा मोठा काफिला यू-४७ ला दिसला. तिच्या कप्तानाकडे, ग्युंटर प्रीनकडे, एकच पाणतीर उरला होता आणि यू-४७ तेव्हा हवामानाच्या खबरा देण्याच्या कामावर होती. प्रीनने काफिला नजरेखाली ठेवून बिनतारी संदेश सुरू केले आणि पॅरिसमधून ड्योनिट्झने आसपासच्या सगळ्या पाणबुड्यांना त्या दिशेने वळवलं. काफिल्यासोबतचं तोफा बसवलेलं व्यापारी जहाज ‘जर्व्हिस बे’ त्या संध्याकाळी ठरल्याप्रमाणे सोडून गेलं होतं आणि ब्रिटनकडून येणाऱ्या पहाऱ्याची अजून भेट झाली नव्हती. यू-९९ च्या ओटो क्रेचमरने तीन, यू-१०० च्या योआखिम शेप्केने एका रात्रीत सात, यू-४८ ने ‘ब्लेअरअँगस’. एकूण अकरा जहाजं गेली. क्रेचमरची तऱ्हा तर अशी होती की तो काफिल्याच्या रांगांमध्येच शिरायचा. पहारेकरी बाहेरच्या अंधारात शोधत असायचे आणि तो आत, त्यांच्याच जहाजांच्या मधून हिंडत एकेक पाणतीर सोडत असायचा.

यू-४८ ने त्या काफिल्यातल्या ‘ब्रूमपार्क’लाही पाणतीर मारला, पण त्या जहाजाच्या पोटात लाकूड होतं, ते बुडेना, कप्तानाने ते तसंच बंदरात नेलं. हेच जहाज तीन महिन्यांपूर्वी फ्रान्स पडताना बोर्दोहून अणुसंशोधनाचा ‘जड पाण्याचा’ साठा इंग्लंडला घेऊन आलं होतं.

२५ सप्टेंबरला यू-४८ लोरियांला परतली. अठरा दिवस, आठ जहाजं बुडवली, एक जखमी. युद्ध संपेपर्यंत पन्नासाहून जास्त जहाजं तिच्या नावावर लागली. इतकी दुसऱ्या कुठल्याही जर्मन पाणबुडीने बुडवली नाहीत.

आता सोनारचं उरलेलं उत्तर. समजा पाणबुडीने बुडी मारली आणि युद्धनौकेच्या सोनारला ती सापडली. त्या काळच्या यंत्राचा पल्ला चांगल्या पाण्यात दीड-दोन किलोमीटर. पाण्याचे गरम-थंड थर असतील तर ध्वनी वाकतो आणि पाणबुडी थराखाली लपते. अरबी समुद्रात दुपारनंतर हा खेळ मी शेकडो वेळा ऐकला आहे, सकाळी लख्ख ऐकू येणारं जहाज दुपारी एकदम गायब. त्यात १९४० चा सोनार झोत पुढे तिरका जायचा, खोली सांगायचा नाही. नौका पाणबुडीच्या डोक्यावर यायच्या आधी शेवटचे दोनेकशे मीटर संपर्क तुटायचा, आणि डेप्थ चार्ज (ठराविक खोलीवर फुटणारे बॉम्ब) तर पिछाडीवरून टाकायचे. म्हणजे अगदी शेवटी, आंधळेपणाने. खालच्या कप्तानाला ती वेळ नेमकी कळते, कारण वरून येणारे ठोके बदलतात. तो त्याच क्षणी जोराने वळतो. आणि हे सगळं पाणबुडी पाण्याखाली असेल तर. ती वरच असेल, तर सोनारवाल्याच्या कानात लाटा आणि काफिल्याच्या पंख्यांची घरघर, याखेरीज काही नाही.

उत्तर मिळालं ते पाण्यावर बघणाऱ्या यंत्रातून. १७ मार्च १९४१ च्या रात्री एचएक्स-११२ काफिल्याजवळ ‘व्हॅनॉक’ या विनाशिकेच्या रडारवर पाण्यावर असलेली यू-१०० उमटली. ‘व्हॅनॉक’ने सरळ नाळ तिच्यावर घातली आणि शेप्के ब्रिजवरच मेला. त्याच रात्री ‘वॉकर’ने यू-९९ ला वर यायला भाग पाडलं आणि क्रेचमर कैद झाला. त्याच्या दहाएक दिवस आधी प्रीनची यू-४७ परत न येता नाहीशी झाली होती. सप्टेंबरच्या त्या रात्री ज्यांनी एचएक्स-७२ फाडला, त्यांतले तीन सर्वांत नावाजलेले कप्तान एका महिन्यात गेले. पुढे आखूड लहरींचं रडार आलं, बिनतारी संदेशाची दिशा जहाजावरूनच पकडणारी यंत्रं आली, आणि १९४३ च्या मेपर्यंत समुद्राच्या मधोमध पोहोचणारी विमानं.

ब्लाइखरोट वाचला, पण १९४२ च्या अखेरीस यू-१०९ वर असताना मनाने खचला आणि त्याने परतायची परवानगी मागितली. यू-४८ ला १९४१ च्या मध्यानंतर शिकाऊ खलाशांच्या कामाला लावलं आणि मे १९४५ मध्ये नॉयश्टाटला तिच्याच माणसांनी तिला बुडवलं. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजारांपैकी तीस हजारांच्या आसपास माणसं परत आली नाहीत.

आणि आपली? त्या युद्धात सहा हजारांहून अधिक भारतीय व्यापारी खलाशी मेले. ज्यांची कबर समुद्र आहे त्यांची नावं एका वहीत नोंदवलेली आहेत. तिची एक प्रत चितगावला आहे आणि दुसरी मुंबईत, मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये, गोदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या इमारतीत. नावांपुढे हुद्दा असतो, जहाजाचं नाव असतं. तुमच्या घरात कुणी ‘बोटीवर गेला तो आलाच नाही’ असं सांगत असतील आणि साल १९४० ते ४३ मधलं असेल, तर जहाजाचं नाव विचारून घ्या. जहाज कळलं तर ते कुठल्या काफिल्यात होतं आणि कुठल्या पाणबुडीने कुठल्या तारखेला बुडवलं, हे बहुतेक वेळा शोधून काढता येतं. नाव कळवलंत तर मी मदत करेन.